पोसणें आणि पाळणें

मराठींतील 'पाळणें' हें क्रियापद मोठें अर्थगर्भ आहे. आपण गाय पाळतों, कुत्रा पाळतों. त्याचप्रमाणें व्रत पाळतों, वचन पाळतों, पथ्य पाळतों, सुतक पाळतों. तान्ह्या मुलास निजविण्याच्या साधनाला आपण पाळणा म्हणतों, तोही याच कुळांतला. एका बाजूस मुकें जनावर आणि दुसऱ्या बाजूस दिलेला शब्द, या दोहोंना एकच क्रियापद लावणाऱ्या भाषेनें त्यामागें कांहीं विचार केला असला पाहिजे. त्याच्या शेजारींच 'पोसणें' हा शब्द आहे. पोसणें म्हणजे अन्न देऊन वाढविणें. माणूस बैल पोसतो, मनांत राग पोसतो. पण कोणी वचन पोसतो असें आपण म्हणत नाहीं. पोसण्याला धान्य लागतें. पाळण्याला स्वतःस बांधून घ्यावें लागतें. हा भेद मी वर्गांत कित्येक वर्षें शब्दार्थ म्हणून सांगत आलों. तो मला खरोखर कळला तो गेल्या मार्गशीर्षांत, सारंगखेड्यास, माझ्या धाकट्या बहिणीच्या माजघरांत, एका काचेच्या पेटीसमोर. त्या पेटींत एक बेडूक होता.

धुळ्याहून दोंडाईच्यावरून शहाद्यास जातांना तापीच्या पुलापाशीं सारंगखेडा हें गांव लागतें. मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, येथील एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. हा बाजार कित्येक पिढ्यांचा असून राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून मारवाडी आणि काठेवाडी घोडे येथें विक्रीस येतात. बहिणीचें घर तेथेंच असल्यामुळें यात्रेस जाण्याचा माझा परिपाठ आहे. घोड्यांतलें मला फारसें कळत नाहीं. पंचकल्याण कोणाला म्हणतात आणि देवमण कोठें पाहतात एवढेंच ऐकून ठाऊक. परंतु पहांटेच्या थंडींत आगाडी-पिछाडी लावलेल्या घोड्यांच्या रांगांतून हिंडावें, खरारा करणाऱ्या माणसांचें त्या जनावरांशीं चाललेलें बोलणें ऐकावें, यांत मला एक प्रकारचें समाधान वाटतें. या खेपेस एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा सौदा मीं उभा राहून पाहिला. किंमत ठरली, रोकड मोजून झाली, आणि लगाम हातीं देण्यापूर्वीं म्हाताऱ्यानें गिऱ्हाइकास विचारलें, "रात्रीं ह्याच्यापाशीं कोण निजतें?" गिऱ्हाइकानें आपल्या माणसाकडे बोट दाखविलें. म्हाताऱ्यानें त्या माणसास वरपासून खालपर्यंत न्याहाळलें आणि मग लगाम सोडला. तो प्रश्न मला त्या वेळीं केवळ लोभस वाटला. घरीं आल्यावर त्याला निराळें वजन आलें.

माझा भाचा संगणकाच्या धंद्यांत आहे. तीन वर्षांपूर्वीं पुण्यास नोकरीस असतांना त्यानें एका दुकानांतून हा बेडूक आणला. तेव्हां तो रुपयाच्या नाण्याएवढा होता. पुढें भाच्यास परदेशीं जाण्याचा योग आला. बेडूक बरोबर नेणें सोपें नव्हतें, मित्रांपैकीं कोणी तो घेईना, दुकानदारानेंही परत घेण्याचें नाकारलें; तेव्हां आषाढांत तो पेटीसकट सारंगखेड्यास आला आणि आईच्या स्वाधीन झाला. माझी बहीण विधवा आहे, दत्तभक्त आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरांत आजवर अंडें शिरलेलें नाहीं. भाच्यानें तिला सूचनांचा एक कागद लिहून दिला. तो तिनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं डकविला आहे. एकीकडे एकादशी-प्रदोष आणि दुसरीकडे बेडकाचें पथ्य!

तो कागद मीं लक्षपूर्वक वाचला. पेटीच्या तळाशीं नारळाच्या काथ्याचा भुसा चार बोटें भरावा. तो पिळल्यास पाणी निघूं नये, पण मुठींत दाबल्यास गोळा व्हावा, इतकाच ओला असावा. बारीक खडी घालूं नये, कारण घांसाबरोबर ती पोटांत जाऊन अडकते. उष्णतामापकाचा पारा २४ ते २९ अंशांच्या दरम्यान राहील असें पाहावें. पाण्याची थाळी उथळ असावी, तिच्यांतील पाणी रोज बदलावें, आणि त्यांत क्लोरीन असूं नये. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं, कातडीनें शोषून घेतो. यास्तव भुसा घाण झाला तर ती घाणही त्याच्या अंगांत भिनते. वाढ झालेल्या बेडकास आठ-दहा दिवसांनीं एकदां खावयास द्यावें. मागेल तितकें दिल्यास तो लठ्ठ होऊन मरतो. रातकिडे, नाकतोडे, गांडुळें चालतील. त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. अन्न चिमट्यानें धरावें, बोटानें नव्हे. कागदाच्या शेवटीं भाच्यानें लिहिलें होतें, "एवढेंच. फार सोपें आहे."

हा बेडूक आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेचा, अर्जेंटिना आणि तिच्या शेजारच्या प्रदेशांतला. डोळ्यांवर कातडीची टोकदार घडी असते, तिच्यामुळें त्याला शिंगें असल्याचा भास होतो. देह मुठीएवढा, वाटोळा, हिरवा आणि त्यावर तांबूस-काळे डाग. त्या देहाचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे तोंड. जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळांत दिसेल तें गिळत सुटणारें एक वाटोळें तोंड असे; त्यावरून व्यापाऱ्यांनीं यास 'पॅकमॅन' हें नांव दिलें आहे. मायदेशीं तो 'एस्क्वेर्सो' म्हणून ओळखला जातो. विल्यम हेन्री हडसन यानें ला प्लाताच्या प्रदेशांतील निसर्गावर १८९२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या बेडकाच्या चाव्यानें घोडे मेल्याच्या तिकडच्या लोककथा आहेत. वास्तविक त्याच्या चाव्यांत विष नाहीं. जबडा मात्र बळकट. घोड्यांच्या यात्रेच्या गांवीं हा घोड्यांचा कल्पित वैरी पाहुणा म्हणून येऊन राहावा, यांतील गंमत मीं बहिणीस सांगितली. ती हंसली नाहीं.

कारण त्या दिवशीं दत्तजयंती होती आणि बेडकास दहा दिवस झाले होते. एरवीं ती गुरुवार टाळून खाणें घालते. या वेळीं यात्रेच्या गडबडींत दिवस पुढें पुढें ढकलला गेला होता. संध्याकाळीं तिनें देव्हाऱ्याचें दार लावून घेतलें, शेजारच्या मुलानें दिव्याखालीं पकडून आणलेला रातकिडा डबींतून काढला, चिमट्यांत धरला आणि पेटीवर हात नेला. पुढें जें झालें तें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत झालें. या बेडकाच्या जिभेची चिकटण्याची शक्ति त्याच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक भरते, असें जर्मनींतील कील विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं मोजून दाखविलें आहे. तेव्हां रातकिड्यास कांहीं कळलें असेल, असें वाटत नाहीं. बहिणीस मात्र कळलें. हात धुऊन ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, तूं एवढा शिकलेला. हें पाप कुणाच्या पदरीं, सांग."

मीं पंडितासारखें उत्तर दिलें. जीव जीवावर जगतो. बेडकानें रातकिडा खाल्ला यांत बेडकास पाप नाहीं, कारण त्यास दुसरा मार्ग नाहीं आणि निवड करण्याची बुद्धिही नाहीं. ती म्हणाली, "बेडकाला पाप नाहीं हें मलाही कळतें. चिमटा धरतें ती मी. माझें काय?"

या प्रश्नास माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें, आणि शिबी राजाची कथा आठवली तेव्हां तर अडचण अधिकच वाढली. ससाण्याच्या तावडींतून सुटून कपोत राजाच्या मांडीवर आला. ससाणा म्हणाला, तूं त्याला वांचविलेंस, पण माझ्या तोंडचा घांस काढलास. उपाशीं मरणाऱ्याचें रक्षण कोण करणार? राजानें दोघांचाही हक्क मान्य केला आणि आपल्या मांडीचें मांस तोलून दिलें. कथेचें मर्म असें, कीं एका जीवाचें पालन पत्करलें तर त्याची किंमत स्वतःच्या अंगांतून द्यावी. मांसाहारी प्राणी हौसेनें पाळणारा मनुष्य नेमका याच्या उलट वागतो. तो पालक होतो, पण मांस दुसऱ्याचें तोलून देतो. शिवाय रानांत रातकिड्याला उडी मारण्यास अवकाश असतो. शिकारी चुकतो, भक्ष्य निसटतें, आणि या चुकण्या-निसटण्यांतूनच दोघांच्याही जाती टिकून राहतात. काचेच्या पेटींत आपण हा अवकाशच काढून टाकला. तेथें जें घडतें तें शिकार नव्हे. तें वाढप आहे; आणि वाढणाऱ्याचा हात त्यांतून निराळा काढतां येत नाहीं.

मग बहिणीनें तें वाढप बंद करावें काय? तसें केल्यास बेडूक मरेल, आणि तोही तिच्याच हातून. येथें मला एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. रातकिड्याच्या मरणाचा दोष चिमट्यापाशीं सुरू होत नाहीं. तो दुकानांत सुरू होतो. ज्या दिवशीं भाच्यानें बेडूक विकत घेतला, त्या दिवशींच पुढील दहा-पंधरा वर्षांचे सारे रातकिडे विकत घेतले गेले. बहिणीच्या हातीं उरलें तें एवढेंच, कीं जें अपरिहार्य आहे तें क्रौर्याशिवाय व्हावें. आणि तें ती आपण होऊन करीत होती. आळींतील पोरें खाणें घालतांना पाहावयास मिळावें म्हणून हट्ट धरीत. तिनें त्यांना पेटीपाशीं येऊं दिलें नाहीं. "जीव जातो तिथें तमाशा नाहीं," इतकेंच ती म्हणे. १९६० च्या प्राण्यांवरील क्रौर्य-प्रतिबंधक कायद्यांत, केवळ करमणुकीखातर एका प्राण्यास दुसऱ्याचें भक्ष्य व्हावें अशा रीतीनें कोंडणें हा अपराध सांगितला आहे. आणि त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें मनुष्याखेरीज कोणताही सजीव हा प्राणीच होय. बहिणीनें तो कायदा वाचलेला नाहीं. भक्ष्य देणें आणि भक्ष्याचा खेळ करणें यांतील रेषा तिनें आपल्या मनानेंच ओढली होती.

दुसरे दिवशीं शेजारचे निवृत्त गुरुजी चहास आले. त्यांची सारी नोकरी वरच्या सातपुड्यांत, धडगांव-अक्कलकुव्याकडे झालेली. पेटीकडे पाहून ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ह्याच जिल्ह्यांत कुपोषणानें मुलें दगावलेलीं मीं पाहिलीं आहेत. आणि इथें बेडकाला कॅल्शियम! तुमच्या नीतिशास्त्रांत हें कुठें बसतें?" वाक्य कडवट होतें, पण खोटें नव्हतें. मीं त्यावर बराच विचार केला, आणि माझें मत असें झालें, कीं गुरुजींचा आक्षेप विकत घेण्यास पूर्णपणें लागू पडतो आणि खाऊं घालण्यास मुळींच लागू पडत नाहीं. भाच्यानें त्या पैशाचें दुसरें कांहीं चांगलें केलें असतें तर उत्तमच झालें असतें. परंतु एकदां जीव पदरीं घेतल्यावर, जगांत याहून मोठीं दुःखें आहेत म्हणून याला उपाशीं ठेवतों, असें म्हणणें हा मोठ्या दुःखाचा आदर नव्हे. आपल्या लहान कर्जास मोठ्या कर्जाचें निमित्त पुढें करून तें बुडविणें आहे. मीं हें गुरुजींस सांगितलें. ते म्हणाले, "मग निदान दुसरा कोणी घेणार नाहीं एवढें लिहा." प्रस्तुत लेखाचें एक कारण हेंच आहे.

आतां घराविषयीं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, त्याला कसलाच त्रास नाहीं. तो हलतसुद्धां नाहीं." हा युक्तिवाद पुष्कळांच्या तोंडीं असतो, आणि वरवर पाहतां त्यांत तथ्यही आहे. हा बेडूक दबा धरून बसणारा. अंग मातींत पुरून केवळ डोळे वर ठेवावे आणि भक्ष्य जवळून जाईल त्याची वाट पाहावी, हा त्याचा स्वभाव. परंतु जो हलत नाहीं त्यास जागा लागत नाहीं, या अनुमानांत तर्कदोष आहे. त्याच्या मुलखांत कोरडा ऋतु आला म्हणजे तो जमिनींत खोल शिरतो, स्वतःच्या टाकलेल्या कातडीचे पापुद्रे अंगाभोंवतीं कवचासारखे लपेटून घेतो आणि पाऊस येईपर्यंत स्तब्ध राहतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत मंडूकांचें एक सूक्त आहे; वर्षभर मौन धरून पर्जन्य येतांच बोलूं लागणाऱ्या बेडकांना तेथें व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली आहे. मला त्या उपमेंत आतां विनोद दिसत नाहीं. हा प्राणी स्वतःच एक व्रत पाळणारा आहे. आणि आपण पेटींत बारमाही २७ अंशांचा आणि बारमाही ओलाव्याचा बंदोबस्त करून त्याचें व्रतच काढून घेतलें. त्याची जागा आपण लहान केली, यापेक्षां त्याचा ऋतु आपण काढून घेतला, हें मला अधिक मोठें हरण वाटतें.

याचा अर्थ असा नव्हे, कीं आपल्या मनास येईल ती सोय करून दिल्यानें भरपाई होते. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून प्रवास करीत असतां अर्जेंटिनांतील बाहिया ब्लांका येथें त्यास कोरड्या वाळवंटी जागीं राहणारी एक लहानशी काळी भेकी आढळली. तिला मोठी मेजवानी द्यावी अशा सद्हेतूनें त्यानें तिला पाण्याच्या डबक्याशीं नेऊन सोडलें. त्या बिचारीला पोहतां येईना; मदत न मिळती तर ती बुडूनच मेली असती, असें त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. बेडूक म्हणजे पाणी, असें आपण धरून चालतों. आणि डार्विनासारखा निरीक्षकही क्षणभर तसें धरून चालला. दया करण्यास अंतःकरण पुरतें असा आपला समज असतो. अंतःकरणाच्या जोडीला दुसऱ्याच्या गरजेचें ज्ञान लागतें, आणि तें मिळविण्याचे कष्ट हाच दयेचा अवघड भाग आहे. माझी बहीण रोज सकाळीं पूजेपूर्वीं पाऱ्याचा अंक पाहते, भुसा मुठींत दाबून पाहते, विहिरीचें पाणी थाळींत घालते. तिला बेडूक आवडत नाहीं. तो तिला ओळखत नाहीं. तरीही 'पाळणें' हा शब्द मला तिच्या बाबतींत वापरावासा वाटतो आणि भाच्याच्या बाबतींत वापरवत नाहीं. भाच्याला बेडूक फार आवडत असे.

घोड्याशीं तुलना केली म्हणजे हें अधिक उमजतें. घोडा माणसाच्या सहवासांत हजारों वर्षें राहिला आहे. त्याच्यावर जुलूम होतो, त्याच्या पायांत दोऱ्या असतात, हें खरें. पण तो हाक ओळखतो, रागावतो, अडतो, तोबरा उशीरां आला तर पाय आपटून सांगतो. माणूस आणि घोडा यांच्यांत असमान कां होईना, एक व्यवहार आहे. या बेडकाशीं कसलाच व्यवहार नाहीं. त्यास न कृतज्ञता आहे न तक्रार. ज्या पात्रांत तक्रारच उमटत नाहीं तेथें आपलें कर्तव्य कमी होतें, असें मनुष्यास वाटतें. माझ्या मतें तेथें तें वाढतें, कारण चूक सांगणारा कोणी उरत नाहीं. सारंगखेड्यास ज्या दत्ताची यात्रा भरते, त्याच्याशीं परंपरेनें एकरूप मानलेल्या अवधूतानें भागवताच्या एकादश स्कंधांत आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत बेडूक नाहीं, पण अजगर आहे. आणि अजगराचा धडा असा, कीं जें दैवानें आपोआप समोर येईल तें घ्यावें, न आल्यास स्वस्थ पडून राहावें. शिंगवाला बेडूक याच पंथाचा. भेद एवढाच, कीं अवधूताच्या अजगराभोंवतीं सारें अरण्य आहे, त्याचें दैव अफाट आहे. आणि या बेडकाचें दैव म्हणजे माझी बहीण. तिला ताप आला तर त्याच्या जगांत दुष्काळ पडतो. ज्यानें दुसऱ्या जीवाचें दैव होण्याचें पत्करलें, त्यास कंटाळण्याचा अधिकार राहत नाहीं, हें मला त्या माजघरांत प्रथम जाणवलें.

भाच्याचें म्हणणें होतें, "आईला इतका त्रास होत असेल तर तापींत सोडून द्या. तोही मोकळा, तीही मोकळी." बहिणीनें सांगितलें, कीं श्रावणांत ती खरोखरच त्याला पितळी डब्यांत घालून घाटावर घेऊन गेली होती. पाणी भरपूर होतें, आपल्याकडचे बेडूक ओरडत होते, सोडण्यास दिवसही पवित्र होता. पण झांकण उघडल्यावर तो तळाशीं जसाचा तसा बसून राहिला, आणि तिला वाटलें, "ह्याला सोडतें आहें कीं टाकतें आहें?" ती तशीच परत आली.

तिच्या मनानें जें सांगितलें त्यास शास्त्राचाही आधार आहे. खानदेशाच्या वैशाखांत हा परका जीव तग धरील असें मला वाटत नाहीं. आणि समजा धरला, तर तो खाईल कोणाला? ज्यांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा धंदा आपण १९८७ सालीं बंद केला, त्या आपल्याच बेडकांना. हें केवळ कल्पनेचें भय नव्हे. आपल्या शेतांतील परिचित मोठा बेडूक, जो आषाढांत पिवळाधमक होऊन डरांव-डरांव करतो, तो गेल्या कांहीं दशकांत अंदमान बेटांवर जाऊन पोंचला, आणि तेथें त्याचे भैरे स्थानिक बेडकांच्या भैऱ्यांना खाऊन त्यांच्या मुळावर उठले आहेत. येथें जो पावसाचा दूत, तो तेथें परचक्र झाला. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे बेडकांच्या कातडीस जडणारा एक बुरशीजन्य रोग. प्राण्यांच्या देशोदेशींच्या व्यापाराबरोबर तो पसरला; २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीप्रमाणें त्यानें उभयचरांच्या ५०१ जातींस ओहोटी लावली असून त्यांपैकीं ९० जाती नामशेष झाल्याचें समजलें जातें. पेटींतला बेडूक वरून निरोगी दिसला तरी त्याच्या अंगावरून कोणतें बीज तापीच्या पाण्यांत उतरेल, हें घाटावर उभ्या असलेल्या माणसाला कसें कळावें? शिवाय उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राणी टाकून देणें हाही वर सांगितलेल्या कायद्यानें अपराधच आहे.

सोडून देणें हा आपल्या संस्कृतींत पुण्याचा शब्द आहे. पिंजऱ्यांतला पोपट सोडावा, जाळ्यांतला मासा सोडावा. परंतु मुक्ति देण्यासाठीं ज्याला मुक्त करावयाचें त्याला परत जाण्यास ठिकाण लागतें. हा बेडूक पेटींतच जन्मलेल्यांपैकीं असावा. त्याला मायदेशही नाहीं आणि हा देशही नाहीं. ज्या दिवशीं आपण त्याला हौस म्हणून आपल्या घरांत आणलें, त्याच दिवशीं त्याला मोकळें करण्याचें पुण्यही आपण गमावून बसलों. आपल्या समाजानें थकलेल्या गुरांसाठीं पांजरपोळ काढले. मुंबईचें पांजरपोळ १८३४ पासूनचें आहे. काम संपलें तरी जीव संपत नाहीं, हें ओळखणारी ती संस्था होय. हौस संपल्यावर उरलेल्या जीवांसाठीं मात्र आपण अजून कांहीं विशेष केलेलें नाहीं, कारण हौस संपते हेंच आपण विकत घेतांना मान्य करीत नाहीं. त्या दुकानांत कोणी भाच्यास विचारलें नाहीं, कीं रात्रीं ह्याच्यापाशीं कोण निजतें. घोडा विकणाऱ्या म्हाताऱ्यानें विचारलें. त्याचाही धंदाच होता. पण त्याच्या धंद्यांत तो प्रश्न अजून शिल्लक होता.

यात्रेहून परततांना पेटी माझ्याबरोबर धुळ्यास आली. मीं ती मागून घेतली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. बहिणीकडे पाहून मला दुसरें कांहीं सुचलें नाहीं, इतकेंच. निघतांना तिनें भिंतीवरचा कागद काढून दिला आणि खालीं आपल्या हातानें एक ओळ वाढविली होती: खाणें घालतांना मुलांना बोलावूं नये. माझ्या अभ्यासिकेंत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं आतां ती पेटी आहे. मळ्यांतलीं गांडुळें एक विद्यार्थी आणून देतो. आठवड्यांतून एकदां मी चिमटा हातीं धरतों, आणि प्रत्येक वेळीं बहिणीचा प्रश्न मला पुन्हां विचारावा लागतो. पाप कोणाचें याचा निवाडा मी अद्यापि केलेला नाहीं. तो लावून धरण्यापेक्षां थाळींतलें पाणी बदलणें अधिक अगत्याचें आहे, एवढें समजलें आहे.

या जातीचे बेडूक पेटींत दहा ते पंधरा वर्षें जगतात. हा तीन वर्षांचा आहे आणि मला सत्तावन्नावें चालू आहे. हिशेब सरळ आहे. त्यांत आनंद मानण्याजोगें फारसें नाहीं आणि दुःख करण्याजोगेंही नाहीं. माझ्यामागें पेटी कोणाकडे जावी, हें मात्र ठरवून ठेवावें लागेल, आणि ज्याला विचारीन त्याला तो म्हाताऱ्याचा प्रश्न आधीं विचारावा लागेल.